टच पॅनलला आई वैतागली आहे, बटणवाली इंडक्शन कुणी वापरता का?

पोळीभाजी:
आईचं वय ७२. मागच्या वर्षी तिला इंडक्शन घेऊन दिली, दिसायला एकदम छान, सगळी काळी सपाट काच, पण वापरताना डोक्याला ताप नुसता. कणीक मळून हात धुतले की बोट ओलं असतं, मग टच घेतच नाही, पदराला पुसून परत दाबायचं. परवा दूध वर यायला लागलं तशी ती धावली, वजाच्या खुणेवर चारदा बोट ठेवलं, काही होईना, तेवढ्यात दूध उतू जाऊन पॅनलवर आलं आणि शेगडी नुसती पीं पीं करत बसली. गॅसचा नॉब तिने पन्नास वर्षं न बघता फिरवलाय हो! आता म्हणते मलाच जमत नाही, माझंच चुकतं. फार वाईट वाटतं ऐकून.

सर्किटवाला:
ताई, आईंना सांगा त्यांचं काहीही चुकत नाहीये. मी रिपेअरिंग करतो. काचेखाली प्रत्येक खुणेला एक छोटी स्प्रिंग असते, बोट जवळ आलं की तिथली कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवायची क्षमता, बदलते आणि सर्किटला कळतं की दाबलं. पाण्यानेपण ती बदलते, म्हणून ओलं बोट किंवा सांडलेलं दूध आलं की गोंधळ. कंपन्यांना टच आवडतो कारण हलणारा पार्ट नाही आणि पुसायला सोपं. पुश बटणवाल्या मिळतात, नॉबवाल्यापण असतात पण शोधाव्या लागतात. बटणाच्या आत स्विच असतो, बोटाला टक् असं लागतं, न बघता कळतं. फक्त वरचं प्लॅस्टिक फाटलं तर लगेच बदलून घ्या, नाहीतर तेल-पाणी आत जातं.

घरचीसून:
आमच्या मायक्रोवेव्हचं पॅनल असंच सपाट, स्टार्ट कुठलं आणि स्टॉप कुठलं सासूबाईंना दिसायचंच नाही. त्यांनी स्वतःच स्टार्टवर मखमली टिकली लावली आणि स्टॉपवर खड्याची, आता चष्मा नसला तरी चाचपून बरोबर दाबतात. जुन्या मोबाईलच्या ५ वर ठिपका असायचा ना, तसंच. तुमच्या काचेवर मात्र खुणेच्या शेजारी लावा, वर नको.

डेकवरून:
हे फक्त म्हाताऱ्या माणसांचं नाही बरं का. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकेची जॉन एस. मॅकेन ही युद्धनौका टँकरला धडकली, १० खलाशी गेले. स्टीअरिंग आणि इंजिनाचा कंट्रोल टचस्क्रीनवर होता, तो एका कन्सोलवरून (कंट्रोलच्या टेबलावरून) दुसरीकडे देताना गडबड झाली आणि पोरांना वाटलं स्टीअरिंगच गेलं. ट्रेनिंग कमी होतं हेही खरं, पण २०१९ मध्ये त्यांच्या नौदलाने ठरवलं की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचे दांडे, परत हाताने ढकलायचेच बसवायचे. शिकलेल्या खलाशांची ही गत, मग आईंनी स्वतःला का दोष द्यायचा?

पोळीभाजी:
सर्वांचे मनापासून आभार. हे सगळं आईला वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं तिने. शनिवारी तिलाच दुकानात नेते, पाण्याची बाटली बरोबर घेऊन, तिथेच बोट ओलं करून दाबून बघू दे. तोवर खड्याची टिकली लावलीये, वजाच्या खुणेशेजारी.