काळ्या रानातील पांढरीचे ड्रोनने छायाचित्रण : हंगाम, वेळ आणि नोंद याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. घोड नदीच्या खोऱ्यातील आमच्या गावाबाहेर, अगदी काठालगतच्या एका काळ्या रानात, उपग्रहचित्रात लंबगोल फिकट पट्टा दिसतो. जमिनीवर उभे राहिले तर हलक्या उंचवट्यापलीकडे काही जाणवत नाही; परंतु नांगरट झाली की लाल, कडक भाजलेली आणि काळ्या रेषांची नक्षी असलेली खापरे वर येतात व त्यांतील पातळ तुकड्यावर टिचकी मारली असता खणखणीत आवाज येतो. याच नदीकाठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेज या पुरातत्त्व संशोधन संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची व दगडाची हत्यारे वापरणाऱ्या काळातील) शेतकऱ्यांची घरे, दफने आणि पाण्याचा पाट उजेडात आला होता. त्यामुळे ही जागाही पांढर, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखेने फिकट झालेल्या मातीची जागा असावी, अशी शंका येते.

शेत माझ्या चुलत्यांचे असून छायाचित्रणास त्यांची संमती आहे. पुढील वर्षी मात्र रान सपाट करून ऊस लावण्याचा त्यांचा विचार आहे. पूर्वी गावकऱ्यांनी येथील माती खत म्हणून गाड्या भरभरून नेलीच आहे. जे उरले ते तरी नोंदले जावे, इतकाच माझा हेतू आहे. उत्खनन हा ना माझा विषय, ना अधिकार. ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे आणि परिसर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात येतो, म्हणून नियमांची अडचण दिसत नाही.

अडचण वेगळीच आहे. आकाशातून जुन्या वस्त्यांच्या खुणा शोधण्याविषयीच्या वाचनात बहुतेक उदाहरणे इंग्लंडची येतात. १९२५ च्या डिसेंबरात इन्सॉल या वैमानिकाला स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाजवळच्या शेतात वर्तुळ आणि त्यात पांढरे ठिपके दिसले. पुढील जुलैत गहू वाढल्यावर तेथेच ठिपक्यांची एकात एक अशी अनेक वर्तुळे उमटली आणि मॉड कनिंग्टन यांच्या उत्खननात ते लाकडी खांबांचे खड्डे ठरले. तेच आजचे वुडहेंज. बुजलेल्या खड्ड्यात माती खोल व ओलसर असल्याने पीक उंच होते आणि जास्त दिवस हिरवे राहते, तर गाडल्या गेलेल्या भिंतीवर ते खुरटते आणि लवकर पिवळे पडते, हे तत्त्व समजले. पण तेथे मातीखाली पांढरा खडूचा खडक आहे. आमची काळी माती ओल धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. अशा जमिनीत पिकावर खुणा उमटतात का? ज्वारी हुरड्यात असताना ड्रोन उडवावा, कडबा वाळू लागल्यावर, की नांगरटीनंतरच? शिवाय नोंद कोणत्या स्वरूपात ठेवली तर ती अभ्यासकांच्या उपयोगी पडेल? गुप्तधन शोधणाऱ्यांचा उपद्रव नको, म्हणून ठिकाण मुद्दाम लिहिलेले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

ठिकाण लिहिले नाही, हे उत्तम केले. माझ्या मते काळ्या रानात पिकापेक्षा मातीच्या रंगावर अधिक भिस्त ठेवावी. नांगरटीनंतर आणि वळवाचा पाऊस पडून माती सुकू लागते तेव्हा, अशी दोन्ही वेळा छायाचित्रे घ्या. राखमिश्रित पांढरी आणि काळी माती सारख्या वेगाने सुकत नाहीत. पिकाचा प्रयत्न करायचाच असेल तर कोरडवाहू ज्वारीचा पाण्याचा ताण वाढतो त्या शेवटच्या टप्प्यात करा, कारण भरपूर ओल असताना फरक झाकला जातो. उंचवट्यासाठी सूर्य अगदी खाली असताना उडवा, म्हणजे सावली लांब पडते.

फसव्या खुणांपासून मात्र सावध राहा. जुने खळे वरून सुबक वर्तुळ दिसते, वीटभट्टीची जागा तांबूस-राखी दिसते आणि धनगरांनी मेंढ्या बसवल्या असतील तर पुढच्या पिकात तेवढाच चौकोन गर्द हिरवा उठतो. अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान काढलेली आणि आता खुली झालेली छायाचित्रेही तपासा. पट्टा त्यांतही असेल तर अलीकडची भट्टी किंवा खत ही कारणे बाद होतात.

सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने, शेजारच्या छायाचित्रांचा सत्तर-ऐंशी टक्के भाग एकमेकांवर येईल अशा ओळींत छायाचित्रण करा. मूळ फाइली तशाच ठेवून तारीख, वेळ, उंची, पीक आणि शेवटचा पाऊस लिहून ठेवा. खापरे गोळा करू नका. पट्टी ठेवून जागेवरच त्यांचे छायाचित्र घ्या. हे सारे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला आणि डेक्कन कॉलेजला लेखी कळवा, आणि तेही सपाटीकरणाआधी.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. चुलत्यांना विचारले, मेंढ्यांचा वाडा बसवला होता, पण पट्ट्याच्या वरच्या अंगाला. आता एकच शंका उरते. मोबाईलच्या जीपीएसमध्ये काही मीटरांची चूक येते. त्याऐवजी विहिरीचा कठडा, विजेचा खांब आणि बांधावरचे हद्दीचे दगड यांच्यातील अंतरे फितीने मोजून दिली, तर नकाशा बसवायला तेवढे पुरेल का?