मदत हवी आहे: कुळागरातला रोबो, त्याचं डोकं क्लाउडवर, आणि झाडांखाली नेट जातं

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याला आमचं कुळागर आहे, पोफळी, माड, मधे मधे केळी आणि मिरी. पडलेली सुपारी वेचायचं काम बाबाच करतात, वय ६८, वाकून वाकून कंबर गेलीय त्यांची, आणि मजूर मिळाला तर मिळाला नाहीतर सुपारी पाचोळ्यातच राहते. म्हणून गेले सात-आठ महिने मी चार चाकांची छोटी गाडी बनवतोय, सध्या ती फक्त सुपारी कुठे पडलीय ते शोधते, उचलायचं नंतर बघू.

गाडीवर रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसतं 'पाय'), साधा यूएसबी कॅमेरा, रॉस २ (रोबो चालवायचं सॉफ्टवेअर) आणि ४जी डोंगल आहे. फोटोत सुपारी ओळखणारं योलो हे एआय मॉडेल आधी पायवरच चालवलं तर सेकंदाला जेमतेम एक फ्रेम, आणि पाय असा तापला की हात लावता येईना, म्हणून ते क्लाउडवर, म्हणजे मुंबईतल्या डेटा सेंटरमधल्या जीपीयू (असली मॉडेल वेगाने चालवणारी चिप) मशीनवर टाकलं, तासाच्या भाड्याने. त्यातही आधी कच्च्या फ्रेम पाठवत होतो. ६४०×४८० ची एक फ्रेम म्हणजे ९,२१,६०० बाइट, सेकंदाला १० पाठवायच्या तर ७४ मेगाबिट अपलोड लागणार आणि आमच्याकडे मिळतात ३-४! जेपीईजी करून फ्रेम ४० केबीवर आणली, सेकंदाला ५ केल्या, तेव्हा जमलं.

अजून एक, दुसऱ्या कोणाच्या रात्री वाया जाऊ नयेत म्हणून सांगतो. रॉस २ मधे नोड (वेगवेगळे छोटे प्रोग्रॅम) एकमेकांना मल्टिकास्टने, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना एकदम हाक मारून शोधतात, घरच्या वायफायवर लॅपटॉपला सगळे टॉपिक (नोडचे डेटा पाठवायचे मार्ग) दिसायचे पण क्लाउडवर एकही नाही. मोबाईल नेटवरून मल्टिकास्ट पलीकडे जातच नाही. झेनोह ब्रिज (रॉसचे निरोप इंटरनेटवरून पलीकडे नेणारा प्रोग्रॅम) लावल्यावर सुटलं. आणि ॲमेझॉनच्या रोबोमेकर या क्लाउडवरच्या रोबो सेवेच्या ट्युटोरियलमागे लागू नका, ती सेवा २०२५ मधे बंद झालीय.

आता खरी अडचण. गाडीने कुठे वळायचं हेही मी क्लाउडवरच ठरवत होतो. उघड्यावर जाऊन-येऊन १५०-२०० मिलिसेकंद लागतात, दाट पोफळीत शिरलं की ८०० होतात, कधी नेट पूर्ण जातं. गेल्या रविवारी तसंच झालं, शेवटची आलेली कमांड 'पुढे', वेग सेकंदाला ०.४ मीटर, तीन सेकंदांत गाडी सव्वा मीटर पुढे जाऊन सरळ पाटात. बाबा पाण्यात उतरले, गाडी उचलून बांधावर ठेवली, चाकात अडकलेला पाचोळा काडीने काढत म्हणाले, "अरे, पाट आयलो काय रावंक जाय, इतलें तरी ताका कळूंक जाय." (पाट आला की थांबायला हवं, एवढं तरी त्याला कळायला हवं.)

तेच डोक्यात बसलंय. माझा विचार असा की मोटर, अडथळा बघणं आणि थांबणं हे सगळं पायवरच ठेवायचं, ३०० मिलिसेकंद कमांड आली नाही की गाडी थांबली पाहिजे, म्हणजे जास्तीत जास्त १२ सेंटीमीटर सरकेल अधिक ब्रेकचं जे काय असेल ते. सुपारी ओळखणं आणि कुळागराचा नकाशा क्लाउडवर, कारण तिथे दोन सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही.

पण पाट म्हणजे खड्डा, समोर बघणाऱ्या अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणाऱ्या) सेन्सरला तो दिसत नाही. सेन्सर खाली तिरका लावून कोणी केलंय का, ओल्या पाचोळ्यावर रीडिंग भरवशाचं येतं का? आणि घरी जुना लॅपटॉप पडून आहे, त्याला जीपीयू नाही, तरी तो मधे ठेवून कुळागरापर्यंत वायफाय ओढलं तर भाडं वाचेल का? जीपीएस पोफळीखाली इकडेतिकडे उड्या मारतो, त्यालाही उपाय हवाय.

अपडेट: प्रतिसादांत सांगितल्याप्रमाणे वॉचडॉग (कमांड आली नाही की गाडी थांबवणारा प्रोग्रॅम) पायवर टाकला. चालत्या गाडीचं डोंगल मुद्दाम काढून बघितलं, दहापैकी दहा वेळा थांबली. खड्ड्याच्या सेन्सरचं मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही, ज्यांनी शेतात लावलाय त्यांनी कृपया लिहा, पाऊस सुरू व्हायच्या आत लावायचाय.