देवराईत झाडं मोजण्याची उन्हाळी इंटर्नशिप : जाण्याआधी काय शिकून घेऊ?

रानजाई
नमस्कार. मी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे-जूनमध्ये सहा आठवडे सिंधुदुर्गातल्या देवरायांत काम मिळालंय. १० × १० मीटरचे प्लॉट आखायचे आणि ३० सेंमी किंवा जास्त घेराच्या प्रत्येक झाडाचं नाव, घेर, उंची लिहायची. कॉलेजात क्वाड्रॅट (मोजणीचा चौकोन) आखलाय तो सपाट मैदानावर. उतारावर प्लॉट कसा आखायचा? वेडीवाकडी झाडं कुठे मोजायची? आणि सगळी झाडं ओळखता येत नाहीत, तर चालेल का?

सातवीण
नावांची चिंता शेवटी कर. नाव नंतर दुरुस्त करता येतं, चुकीच्या जागी घेतलेला घेर घरी बसून दुरुस्त होत नाही.

नायलॉनची दोरी नको, ती ताणली की लांबते. ३० मीटरची फायबरची टेप घ्या. चौकोन नीट आहे का ते कर्णावरून कळतं, दोन्ही कर्ण १४.१४ मीटर भरले पाहिजेत. देवराईत कर्णाच्या वाटेत हमखास एखादा बुंधा येतो आणि टेपला वळसा पडतो. अशा वेळी कोपऱ्यावर काटकोन धरा : एका बाजूवर ३ मीटरची खूण, दुसरीवर ४ मीटरची, दोहोंतलं अंतर बरोबर ५. उतारावर टेप जमिनीलगत धरली तर प्लॉट लहान होतो. २० अंशांच्या उतारावर १० मीटर टेपचं आडवं अंतर ९.४ मीटरच भरतं, म्हणून उताराच्या दिशेने १०.६४ मीटर सोडा. हद्दीवरच्या झाडाचा नियम पहिल्याच दिवशी ठरवा. बुंध्याचा मध्य आत असेल तर झाड आत.

घेर १.३ मीटर उंचीवर घेतात. काही कामांत १.३७ मीटर धरतात, तुमच्या मार्गदर्शकांना एकदा विचारून घे. तेवढ्याच लांबीची काठी कापून जवळ ठेव. ‘छातीइतकं’ म्हटलं की प्रत्येकाची छाती वेगळ्या उंचीवर असते. उतारावर काठी झाडाच्या वरच्या अंगाला टेकव. कललेल्या झाडाचं अंतर खोडाच्या कलाने मोज, खाली झुकलेल्या बाजूने. बुंध्याला फळ्यांसारखी आधारमुळं असतील तर ती संपतात त्याच्या ५० सेंमी वर घेर घे आणि ती उंची शेऱ्यात लिही. वेल असेल तर टेप त्याच्याखालून सरकव. देवराईत वेल तोडायचा नाही.

उंचीवर फार विसंबू नका. क्लायनोमीटरला (कोनावरून उंची काढायच्या साधनाला) शेंडा दिसावा लागतो आणि दाट राईत तो दिसत नाही.

काजरा
सातवीण यांनी महत्त्वाचं सगळं सांगितलंय. दुखोडी (दोन खोडांच्या) झाडांचं राहिलं, आणि सगळ्यात जास्त आकडे तिथेच बिघडतात. १.३ मीटरच्या खाली खोड फुटलं असेल तर प्रत्येक खोडाचा घेर वेगळा लिहायचा, पण झाडाचा क्रमांक एकच (१४अ, १४ब). घेरांची बेरीज कधीच करायची नाही. बुंध्याचं क्षेत्रफळ म्हणजे घेराचा वर्ग भागिले ४π. ६० सेंमीची दोन खोडं मिळून साधारण ५७३ चौ. सेंमी होतात. तीच बेरीज करून १२० धरली तर ११४६, म्हणजे थेट दुप्पट.

ओळखीबद्दल : ऐन आणि किंजळ यांत सुरुवातीला सगळेच गोंधळतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. खाली पडलेलं फळ उचलून पाहा. पाच सारखे पंख असतील तर ऐन. एक मोठा आणि दोन बारके असतील तर किंजळ. पण ही फळं वाऱ्यावर उडतात, शेजारच्या झाडाचंही असू शकतं, म्हणून साल पाहिल्याशिवाय नाव लिहू नका. नाव कळलं नाही तर ‘अनोळखी १’ लिहा, साल, पान, पानाची मागची बाजू असे फोटो काढा, आणि तेच झाड पुन्हा दिसलं तर तोच क्रमांक द्या. अंदाजाने नाव ठोकणं मात्र नको.

रानजाई
खूप धन्यवाद. मोजलेल्या झाडावर खूण कशी करायची? आणि गोचिडींचं कितपत मनावर घ्यायचं?

तळकोकण
देवराईत खिळा, कोयता, रंग काही नाही. खडूची रेघ पुरते, पाऊस सुरू झाला की सुतळी बांधा आणि निघताना मोजून सोडवून घ्या. आत जाण्याआधी गावच्या मानकऱ्यांना भेटून विचारा. देवाच्या जागी चप्पल काढावी लागते. राईच्या बाकी भागात बूट चालतात का, तेही तेव्हाच विचारून घ्या. कारण पाचोळ्यात आणि जांभ्याच्या दगडांखाली फुरसं असतं. दगड हाताने उलटू नका, गमबूट घाला. चावलं तर आवळपट्टी बांधू नका, चीर देऊ नका, थेट रुग्णालय. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळ कुठल्या रुग्णालयात मिळतं ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

गोचीड पूर्ण मनावर घ्या. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग-सावंतवाडीकडे, माकडताप (गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार) आहे आणि त्याचे रुग्ण उन्हाळ्यातही सापडतात. गोचिडीची लहान पिल्लं खसखशीएवढी असतात, दिसत नाहीत. पँट मोज्यांत खोचा, प्राथमिक आरोग्य केंद्रात अंगाला लावायचं तेल मिळतं का पाहा, पाचोळ्यात बसू नका. संध्याकाळी काखा, कंबर, गुडघ्यामागे तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल ओतू नका, चटका देऊ नका. ताप आला तर राईत काम करत होते, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. माकड मेलेलं दिसलं तर तिथून निघा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

काजरा
एक राहिलं. नोंदी पेन्सिलीने करा, दमट हवेत पेनाची शाई पसरते. झाड नसेल तिथे रकाना कोरा ठेवू नका, ० लिहा. कोरा म्हणजे मोजायचं राहिलं. रोज रात्री प्रत्येक पानाचा फोटो काढा. आणि दाट राईत फोनच्या जीपीएसमध्ये १०-१५ मीटरची चूक सहज येते, म्हणजे अख्खा प्लॉट सरकतो. त्यामुळे कोपऱ्याजवळची ठळक खूण (पार, मोठा दगड, पायवाटेचं वळण) दिशा आणि अंतरासह लिहून ठेवा.