शब्दचर्चा: फोटॉन ‘मोजायचा’ की ‘जोखायचा’?

मी अमळनेरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी मुलांसोबत मराठीत भित्तिपत्रक करतोय. विषय आहे एकेका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा सांगणारे अतिसंवाहक (खूप थंड केल्यावर विजेला रोधच न करणाऱ्या पदार्थाचे) संवेदक. पहिल्याच ओळीला अडलो. ‘हा संवेदक एकेक फोटॉन मोजतो’ असं लिहिलं, तर एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, मोजतो म्हणजे किती आले ते, की केवढे होते ते?”

तिचं बरोबर आहे. आपण पैसेही मोजतो आणि जमीनही मोजतो. इथे मात्र सगळी गंमत त्याच फरकात आहे. अतिसंवाहक नॅनोतारेचा संवेदक सहसा फोटॉन आला एवढंच कळवतो. आमचा संवेदक तो लाल होता की जांभळा तेही सांगतो, कारण लाल फोटॉनची ऊर्जा साधारण १.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर जांभळ्याची ३ च्या आसपास असते. मग क्रियापद कोणतं घ्यावं? आणि या संवेदकाच्या इंग्रजी नावातल्या ‘ट्रान्झिशन एज’ला, म्हणजे साधी अवस्था संपून अतिसंवाहक अवस्था सुरू होते त्या सीमेला, काय म्हणावं?

प्रतिसाद, रावेर:
भाऊ, केळीच्या कापणीला या. घड मोजतात ते वेगळं (“कितला शेतस?”), गाडीचा काटा होतो ते वेगळं. वजनाला घडांनी भागलं की निघते रास. २० ची रास म्हणजे घडामागे सरासरी २० किलो. त्यात एखादा १४ चा आणि एखादा २६ चा असतो, ते रास सांगत नाही. साधा प्रकाशमापक म्हणजे गाडीचा काटा. तुमचा संवेदक प्रत्येक घड वेगळा काट्यावर ठेवतो. ‘जोखतो’ लिहा.

प्रतिसाद, धुळे:
‘जोखणे’ला माझी हरकत आहे. माणूस जोखतात, पाणी जोखतात. त्यात अंदाजाची छटा येते. ‘ऊर्जा मापतो’ म्हणा. बाजार समितीत मापाडी असतोच, शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

मूळ लेखक:
‘मापतो’ निर्दोष आहे, पण ‘जोखतो’त भार अंगावर घेणं आहे, आणि इथे घडतं तेच. टंगस्टनची पातळ फिल्म शून्याखाली जवळपास २७३ अंशांवर, म्हणजे ०.१ केल्विनच्या आसपास थंड ठेवतात. अतिसंवाहक अवस्था आणि साधी अवस्था यांच्या बरोबर मधोमध. फोटॉन शोषला गेला की फिल्म किंचित तापते. तेवढ्यानेही रोध एकदम चढतो, प्रवाह घटतो, आणि ती घट स्क्विड नावाचं चुंबकीय उपकरण टिपतं. फोटॉन जितका दांडगा, तितकी घट मोठी. मग उष्णता खाली निथळते आणि काटा पुन्हा शून्यावर येतो. तो स्थिरावण्याआधी दुसरा घड पडला तर दोन्ही वजनं एकमेकांत मिसळतात.

‘एज’साठी मुलांनी ‘उंबरठा’ सुचवला होता. तो मी नाकारला. उंबरठा ओलांडून पुढे जायचं असतं, इथे फिल्मला तिथेच धरून ठेवायचं आहे. ‘संक्रमण-कड’ मला पटतो. विहिरीच्या कडेवर पाय जरा सरकला तरी कळतं, तशी ही जागा आहे.

प्रतिसाद, चोपडा:
कड छान. पण एक शंका. एकाच रंगाचे दोन फोटॉन एकदम आले तर?

मूळ लेखक:
ताई, प्रश्न नेमका आहे. संवेदकाला दुप्पट ऊर्जा दिसते. लेसरचा रंग आधीच माहीत असेल, तर त्या ऊर्जेवरून किती फोटॉन आले ते निघतं. सगळे घड सारखे असले की नुसत्या वजनावरून संख्या सांगता येते तसं. म्हणजे इथे जोखून मोजतात. भित्तिपत्रकावर आता दोन्ही शब्द राहतील: ‘हा संवेदक प्रत्येक फोटॉन जोखतो, आणि रंग ठाऊक असेल तर जोखूनच मोजतो.’ त्या विद्यार्थिनीला ओळ वाचून दाखवली. तिने ‘प्रत्येक’खाली रेघ मारली.