परदेशात भरलेल्या पेन्शनचे पुढे काय झाले? नाशिककरांचे अनुभव

परदेशी नोकरी करून नाशिकला परतलेली माणसे आता जवळजवळ प्रत्येक वस्तीत भेटतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या पगारातून तिथल्या पेन्शनसाठी दरमहा काही ना काही कापले गेलेले असते. ती रक्कम परत घ्यावी की तशीच ठेवावी, तिथली पेन्शन आपल्याला बसते की नाही, हे ज्याला त्याला परतण्याच्या धांदलीत एकट्याने ठरवावे लागते. म्हणून ही विनंती की, आपण कोणत्या देशात किती वर्षे होतो, काय केले आणि त्याचे काय झाले, एवढे तरी प्रत्येकाने आपल्या वस्तीच्या नावाखाली येथे लिहावे. सुरुवात मी करते.

गंगापूर रोड (जपान)

मी एप्रिल २०१२ ते नोव्हेंबर २०१८ असे ८० महिने जपानमध्ये नोकरी केली. मी रुजू झाले तेव्हा तिथली पेन्शन बसायला २५ वर्षांची वर्गणी लागत असे. त्यामुळे ‘जाताना पैसे काढून घ्या’ हाच सल्ला तिथले भारतीय एकमेकांना देत, आणि नियम बदलल्यावरही तो सल्ला तसाच राहिला. १ ऑक्टोबर २०१६ पासून भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार लागू झाला. त्यानुसार दोन्ही देशांतील वर्गणीचा काळ पात्रतेसाठी एकत्र धरता येतो. पुढे ऑगस्ट २०१७ पासून २५ वर्षांची अटही १० वर्षांवर आली. जाण्यापूर्वी अंबडच्या नोकरीत चार वर्षे माझा पीएफ कापला गेला होता आणि मी तो काढलेला नव्हता, म्हणजे दोन्ही मिळून माझी दहा वर्षे भरत होती.

हे ठाऊक नसल्याने मी एकरकमी परताव्याचा अर्ज केला. हा अर्ज देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. त्या वेळी कितीही महिने वर्गणी भरलेली असली तरी हिशेब जास्तीत जास्त ३६ महिन्यांचाच होत असे. ती मर्यादा एप्रिल २०२१ पासून ६० महिने झाली. रकमेतून २०.४२ टक्के कर कापला गेला, आणि परतावा घेताच माझे सगळे ८० महिने पेन्शनच्या नोंदीतून पुसले गेले. कराची रक्कम तिथल्या एका सहकाऱ्याला करप्रतिनिधी नेमून मला परत मिळाली. महिने मात्र परत मिळत नाहीत. ६५व्या वर्षापासून जन्मभर मिळू शकणारे उत्पन्न मी एका सहीने सोडून दिले, याचे दुःख मला आजही आहे.

इंदिरानगर (जर्मनी)

ताई, आपला अनुभव वाचून वाईट वाटले, कारण मी त्याच वळणावर थोडक्यात वाचलो. जर्मनीत वृद्धत्वाच्या पेन्शनसाठी किमान ६० महिने लागतात आणि माझे ५५ झाले होते. तिथे पेन्शन विम्याची वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के असून त्यातील निम्मी आपली व निम्मी मालकाची असते. परतावा मागितला तर केवळ आपला निम्मा वाटा मिळतो, तोही सक्तीचा विमा संपल्यावर २४ महिने थांबून. मी ते २४ महिने थांबलो होतो आणि अर्ज भरूनही ठेवला होता. तेवढ्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्याने १ मे २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी कराराकडे लक्ष वेधले. सातपूरमधील माझ्या पीएफच्या नोकरीचा काळ धरून ६० महिने ओलांडले जातात. मात्र पेन्शनची रक्कम जर्मनीत भरलेल्या वर्गणीवरच ठरेल. मी अर्ज फाडून टाकला. माझा जन्म १९६४ नंतरचा असल्याने पेन्शन ६७व्या वर्षी सुरू होईल.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जर्मन पेन्शन विमा संस्था आपल्या नोंदींचा उतारा देते. आपण जसा सातबारा मागवून पीकपाहणी आणि बोजा तपासतो, तसा तो ओळीओळीने तपासावा. माझ्या उताऱ्यात पहिल्या कंपनीतील तीन महिने नव्हतेच. जुन्या पगारपत्रकांच्या प्रती पाठवल्यावर ते जोडले गेले. पगारपत्रके मी घर बदलताना रद्दीत देणार होतो, ती आईने ठेवून घेतली होती.

आणखी एक खुलासा करतो. भारतातील कंपनीनेच तुम्हाला करार असलेल्या देशात तात्पुरते पाठवले असेल आणि भविष्य निर्वाह निधी (पीएफ) संघटनेचे व्याप्ती प्रमाणपत्र, म्हणजे तुमचा पीएफ इथे चालू असल्याचा दाखला, सोबत असेल, तर ठरावीक मुदतीपर्यंत तिथे पेन्शनची वर्गणी कापली जात नाही. पीएफ इथेच चालू राहतो.

सिडको (संयुक्त अरब अमिराती)

मी १९ वर्षे तिथे वेल्डर होतो. तिथली सरकारी पेन्शन परदेशी कामगारांना नाही. नोकरीअखेरची ग्रॅच्युइटी मिळते, ती पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन, आणि एकूण दोन वर्षांच्या वेतनापेक्षा जास्त नाही. माझ्या हिशेबाने ५२५ दिवस झाले. पण मूळ वेतन एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी होते, बाकी सगळे भत्ते होते, हे मला शेवटच्या दिवशी कागद हातात आल्यावर कळले. त्या पैशांत घराचे कर्ज फिटले, म्हातारपणासाठी काही उरले नाही. अनिवासी भारतीयांनाही एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खाते उघडता येते. धाकट्या भावाला ते मी गेल्याच वर्षी उघडायला लावले.

कॉलेज रोड (अमेरिका)

अमेरिकेशी भारताचा असा करार नाही, त्यामुळे इथला पीएफ तिथे उपयोगी पडत नाही आणि कापलेला पैसाही परत मिळत नाही. निवृत्तिवेतनासाठी ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात. मी डिसेंबर २०१८ मध्ये परतलो तेव्हा माझी ३६ झाली होती. क्रेडिट महिने मोजून नव्हे, तर वर्षभरातील कमाईवर मिळतात, आणि २०१९ मध्ये चारही क्रेडिटसाठी ५,४४० डॉलर पुरेसे होते. मी फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबलो असतो तर एवढी कमाई सहज झाली असती. परतण्याची तारीख मी मुलीची शाळा पाहून ठरवली होती.

नाशिकरोड (इंग्लंड)

माझी मोठी बहीण तिथे बारा वर्षे काळजीवाहक होती. नव्या सरकारी पेन्शनला किमान १० वर्षे लागतात, पूर्ण रकमेसाठी साधारण ३५. तिला २०२२ पासून पेन्शन मिळते, परंतु भारतात राहणाऱ्यांना तिथली वार्षिक वाढ लागू नाही. सुरुवातीला ठरलेली पौंडांतील रक्कमच आजही येते.

पाथर्डी फाटा

ताई, मी पुढील महिन्यात ओसाकाला रुजू होत आहे. इथे तीन वर्षे पीएफ कापला गेला आहे आणि घरचे म्हणतात की, जाण्यापूर्वी सगळा काढून घे. काय करावे?

गंगापूर रोड

पीएफमधला पेन्शनचा भाग काढू नकोस. त्यासाठीच्या १०-सी अर्जात पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्राचा पर्याय निवड, म्हणजे तुझी तीन वर्षे नोंदीत जिवंत राहतील आणि पुढे जपानच्या वर्षांना जोडता येतील. प्रमाणपत्र आल्यावर नाव, जन्मतारीख आणि रुजू झाल्याची तारीख पासपोर्टशी ताडून पाहा. चूक असल्यास विमानात बसण्यापूर्वीच दुरुस्त करून घे, तिकडून ते फार अवघड जाते.