रविवारी आठ जणी, एक दिवस, दक्षिण मुंबई : सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला बेत

बी-२०४: नमस्कार मंडळी. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी नाशिकच्या मैत्रिणी येताहेत. मला धरून आठ जणी. ठाण्याहून लोकलने जाऊन घारापुरी, काळा घोड्याचं म्युझियम, व्हीटी (म्हणजे सीएसएमटी), गेटवे, मरीन ड्राइव्ह एका दिवसात होईल ना?

ए-५०१: ताई, घारापुरी आणि म्युझियम एका दिवसात बसवू नका. गेटवेहून बोटीला जाताना तास, येताना तास. उतरल्यावर लांबलचक धक्का, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. लेणी नीट बघायला दोन तास हवेतच. नऊला निघालात तरी परत यायला दोन-अडीच वाजतात आणि पाय बोलायला लागतात. घारापुरीला दुसरा दिवस ठेवा, फक्त सोमवार नको, लेणी बंद असतात.

सी-१०३: काकांशी सहमत. फोर्ट भाग पायी बघायचा आहे, तोच दिवसभराचा ऐवज आहे.

बी-२०४: बरं, घारापुरी काढली. मग निघायचं कधी?

ए-५०१: आठच्या आत ठाणं सोडा. बहुतेक रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी मार्ग बंद, साधारण अकरा ते साडेतीन असतो. माटुंगा-मुलुंडदरम्यान असला की फास्ट गाड्या स्लो मार्गावर येतात आणि सगळंच रखडतं. शनिवारी वेळापत्रक बघून घ्या. फास्टने पाऊण तास, स्लोने तास. पण आठ जणींना एकत्र बसायचं तर ठाण्याहूनच सुटणारी स्लो धरा.

डी-३०२: व्हीटीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. सकाळी ऊन इमारतीच्या मागून येतं, फोटो काळे पडतात. समोरची महापालिकेची इमारत मात्र तेव्हा उजळलेली असते. दोन्ही वास्तुकार स्टीव्हन्सच्याच. सकाळी महापालिका बघा, व्हीटीचा फोटो परतताना, रात्री रोषणाईत काढा.

सी-१०३: तिथून डी. एन. रोडने हुतात्मा चौक, जेमतेम एक किलोमीटर. कमानींखालून चाला, सावली मिळते. चौकात नुसतं फ्लोरा फाउंटन बघून पुढे जाऊ नका. शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार आहेत, ते संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. १९६१ सालचं. पाहुण्यांना तिथे दोन मिनिटं थांबवाच. मग डावीकडे हॉर्निमन सर्कल, टाउन हॉलच्या पायऱ्या, आणि परत फिरून काळा घोडा.

बी-१०१: म्युझियम सव्वादहाला उघडतं. उघडतानाच जा, बारानंतर गर्दी होते. पूर्ण बघायचा हट्ट नको. तळमजल्यावरची शिल्पं, मग लघुचित्रं, एवढ्याला दोन तास लागतात. अकबराचं चिलखत चुकवू नका. मोठ्या बॅगा नेऊ नका, दारावर तपासणी आणि ठेवा-घ्या यातच वेळ जातो.

ए-४०२: बायकांसाठी महत्त्वाचं सांगते. म्युझियममधून निघण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. पुढे गेटवे ते मरीन ड्राइव्ह बरी सोय शोधावी लागते.

बी-२०४: हे कुणी सांगत नाही, आभार वहिनी. जेवण?

ए-४०२: फोर्टमधली ऑफिसवाल्यांच्या जिवावर चालणारी बरीच ठिकाणं रविवारी बंद असतात. खाऊगल्ली तर ओस. सकाळी व्हीटीजवळ पुरीभाजी किंवा वडापाव पोटभर खाऊन घ्या. दुपारचं जेवण कुलाब्यात, आणि ते दीडच्या आत. आठ जणींना एक टेबल नंतर मिळत नाही.

डी-३०२: जेवून गेटवे. दुपारनंतर ऊन शहराच्या बाजूने पडतं, म्हणून चौकातून काढलेला फोटो छान येतो. सकाळी समोरच सूर्य असतो. मग जहांगीर आर्ट गॅलरी, फुकट आहे. तिथून ओव्हल मैदान. मैदानाच्या मध्ये उभं राहून पूर्वेला बघा : राजाबाई टॉवर, हायकोर्ट. मग मागे वळा : आर्ट डेको शैलीतल्या इमारतींच्या गोलाकार बाल्कन्या. २०१८ मध्ये युनेस्कोने दोन्ही रांगा मिळून वारसास्थळ केलं. मुंबईत याहून सुंदर उभं राहायची जागा मला माहीत नाही.

सी-१०३: पावणेसहाला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर पोचा, त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो.

बी-२०४: एकीचे गुडघे दुखतात. रिक्षा मिळेल?

ए-५०१: रिक्षा शीव-वांद्र्याच्या पुढे येतच नाही. काळी-पिवळी घ्या, किमान भाडं ₹३१, मीटर टाकायला सांगा. एका टॅक्सीत चौघी, म्हणजे दोन कराव्या लागतील. सगळं मिळून पाच-सहा किलोमीटर चाल आहे, त्यातला म्युझियम ते गेटवे आणि गेटवे ते ओव्हल टॅक्सीने केला तर गुडघे वाचतात.

बी-१०१: परतताना चर्चगेटहून लोकल धरून दादरला बदलू नका, जिन्यावर चेंगराचेंगरी असते आणि ठाण्याच्या गाडीत बसायला जागा नाही. चर्चगेटला भुयारी मेट्रोत बसा. मधे हुतात्मा चौक, त्यापुढचं स्टेशन सीएसएमटी. ठाण्याची लोकल तिथूनच सुटते, आठही जणी बसून येतील. मेट्रोचं तिकीट खाली उतरण्याआधीच मोबाइलवर काढून ठेवा.

बी-२०४: लिहून घेतलं. लोकलची रिटर्न तिकिटं सकाळीच काढते, संध्याकाळी खिडकीवर रांग नको.