फ्योर्डमधली बोटसफर: तुम्हाला काय दिसलं?

हिमनदीने कोरलेल्या आणि पुढे समुद्राचं पाणी शिरलेल्या दरीतून तुम्ही बोटीने फिरला असाल, तर इथे मोकळेपणाने लिहा. फोटो भरपूर पाहिलेत, मला तिथल्या गोष्टी ऐकायच्या आहेत. सुरुवात मीच करते.

न्यूझीलंडचं मिलफर्ड साउंड. ‘ते आनाउ’ या गावाहून निघालो तेव्हापासून पाऊस. इतक्या लांब येऊन ढगच बघायचे का, या विचाराने रडू येत होतं. होमर बोगदा ओलांडला आणि समोरचा अख्खा कडा पांढऱ्या धारांनी भरलेला! त्या कड्यांवर पाणी धरून ठेवायला माती जवळपास नाहीच. त्यामुळे पाऊस पडला की शेकडो धबधबे सुटतात आणि थांबला की विरतात. स्टर्लिंग धबधबा सुमारे १५० मीटरचा. बोट अगदी त्याच्या तुषारांत नेली. नखशिखांत भिजले. मायटर शिखर दिसलंच नाही, पण पाऊस असेल तर तिकीट रद्द करू नका, हे मी कळकळीने सांगेन.

*

आम्हाला तिथेच लख्ख ऊन मिळालं. मायटर शिखर टोकापर्यंत दिसलं, खडकांवर सील पहुडलेले. बारमाही मोठे धबधबे मात्र दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग. मला सगळ्यात आवडलं ते पाणी. डोंगरातून येणारं गोडं पाणी पालापाचोळ्यामुळे चहाच्या रंगाचं होतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. खाली उजेड कमी पोचतो, म्हणून एरवी खोल समुद्रात राहणारं काळं पोवळं इथे बरंच वर वाढतं. (धक्क्यावर सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या फार चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.)

*

नॉर्वेचा नेरॉयफ्योर्ड, गुदवांगेन ते फ्लॉम, विजेवरची बोट. सर्वांत अरुंद जागी रुंदी जेमतेम २५० मीटर. काठावरच्या शेळ्यांच्या घंटा डेकवर ऐकू येत होत्या. कुणीच बोलत नव्हतं.

*

नॉर्वेच्याच गाइरांगरफ्योर्डला ऑगस्टअखेर गेलो. वरचं बर्फ बरंच वितळून गेलेलं, त्यामुळे ‘सात बहिणी’ नावाच्या शेजारशेजारच्या सात धबधब्यांपैकी चारच दिसले. धबधबे बघायचे तर मे-जूनमध्ये जा. पण माझ्या मनात राहिलं ते कड्यावरचं स्कागेफ्लो, पाण्यापासून सुमारे २५० मीटर उंचावरचं ओसाड शेतघर. अशा घरांतली लहान मुलं कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, असं तिथे सांगतात. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. ते ऐकलं आणि तिला कडेवर घेतलं, ते बोट धक्क्याला लागेपर्यंत खाली ठेवलं नाही.